चौदावी पायरी, दोन सूत कमी

सुट्टीच्या दिवशी सकाळी सात वाजता दारावरची बेल वाजली की समजायचं, एक तर कोणीतरी गेलंय किंवा आत्या आलीय. त्या रविवारी आत्या आली होती आणि तिच्या मागे बाबा उभे होते. आत्याच्या हातात वर्तमानपत्र आणि बाबांच्या अंगात इस्त्रीचा शर्ट. बाबा इस्त्रीचा शर्ट दोनच प्रसंगी घालतात, लग्नाला आणि बँकेत जाताना. लग्न कोणाचं नव्हतं, बँक बंद होती.

"मोठं घर विकायला निघालंय. वाच," आत्या म्हणाली आणि माझ्या दाराच्या पायपुसण्यावर उभी राहून तिनेच मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "ऐतिहासिक निवासस्थान. सोळा खोल्या, तलाव, फळबाग, काचेचं रोपघर, घोड्यांची पागा, सभोवती बावीस एकर हिरवाई. सुज्ञ आणि रसिक खरेदीदारांसाठी. वेळ ठरवूनच भेटावे."

मोठं घर म्हणजे आमच्या गावाबाहेरच्या टेकडीवरचं घर. त्याला काहीतरी भारदस्त नाव आहे, पण ते फक्त फाटकावर लिहिलंय. गावातल्या कोणाला विचाराल तर भिंत आणि भिंतीवरून दिसणारी पाच धुराडी एवढीच माहिती मिळेल.

"मग? आपण घ्यायचंय का?" मी वैतागून विचारलं.

"हो," आत्या म्हणाली. "अकराची वेळ घेतलीय. तुझी ती लांबलचक काळी गाडी धुतलेली आहे ना?"

मी लग्नसमारंभांना भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीत ड्रायव्हर आहे. शनिवारी रात्री काम संपलं की गाडी माझ्याकडे राहते आणि सोमवारी परत जाते. आत्या शिलाईकाम करते. सत्तरी उलटली तरी सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते. बाबा सुतार. आमच्या तिघांची ऐपत एकत्र केली तरी त्या घराची पागासुद्धा आली नसती, पागेतलं गवत कदाचित आलं असतं. मी हे बोलून दाखवणार तेवढ्यात बाबांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. परीक्षेचा निकाल घ्यायला आलेल्या पोरासारखे ते दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते.

स्वयंपाकघरात बसून त्यांनी सगळं सांगितलं. बसले नेमके माझ्या शिडीखाली. ही शिडी म्हणजे आमच्या घराण्याची शोभा. माझ्या घराला वर एक छान माळा आहे, खिडकी आहे, झोपायची खोली होईल एवढी जागा आहे, आणि तिथे जायला ॲल्युमिनियमची शिडी. पंधरा वर्षं मी बाबांच्या मागे लागले होते की एक जिना करून द्या. एवढ्या नावाजलेल्या सुताराची मुलगी माकडासारखी शिडीवर चढते, लोक हसतात. दर वेळी त्यांचं काहीतरी निघायचं. लाकूड ओलं आहे, गुडघे दुखतात, बघू पावसाळ्यानंतर. मी किती वेळा भांडले असेन त्याला गणती नाही.

"मोठ्या घरातला जिना आमच्या मिस्त्रींनी केला," बाबा म्हणाले. "त्रेचाळीस वर्षं झाली. जुना जळला होता म्हणून नवा घातला. मी वीस वर्षांचा होतो. पायऱ्यांची उंची ठरवणाऱ्या उभ्या फळ्या कापायचं काम माझ्याकडे होतं. एकवीस पायऱ्या. चौदावी फळी कापत होतो आणि घरच्या बाईसाहेब तिथून चालल्या होत्या, त्या थांबल्या. म्हणाल्या, 'किती सुंदर करतोस रे, कुठे शिकलास?' तोवर मला कामावर कोणी असं विचारलं नव्हतं. मी मान वर करून उत्तर दिलं. हात चालूच राहिला."

"मग?"

"रेघ खाल्ली करवतीने."

आत्याने मान डोलावली. शिवणारीला हे कळतं, मला सांगावं लागलं. रेघ राखून कापायचं हा सुताराचा पहिला धडा. करवत रेघेच्या आत गेली की माप गेलं. फळी दोन सूत कमी भरली, म्हणजे पाव इंच. ते लक्षात आलं तेव्हा फळ्या चिकटवायचा सरस वाळला होता. बाबांनी पुढची फळी गुपचूप दोन सूत उंच कापून वरचा मेळ साधला. चौदावी पायरी तेवढी खाली बसली ती बसलीच. मिस्त्रींना सांगायची हिंमत झाली नाही. काम संपलं आणि सगळे मागच्या दाराने बाहेर पडले.

हे ऐकून मला हसूच आलं. बाबांना कामावर सगळे 'ओळंबा' म्हणतात. ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे की नाही ते बघायचा दोरीला बांधलेला लंबक, आणि बाबा तसेच, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. त्या ओळंब्याच्या नावावर एक चूक निघाली याचा मला तर आनंदच झाला.

"पाव इंचाचं काय घेऊन बसलात?" मी म्हटलं.

"पंधरा वर्षांपूर्वी बाईसाहेब जिन्यावरून पडल्या," बाबा म्हणाले. "वखारीत कळलं मला. खुबा मोडला. त्यानंतर त्यांना वर जाता आलं नाही. खुर्चीतच होत्या शेवटपर्यंत. गेल्या हिवाळ्यात गेल्या."

पंधरा वर्षं. मी वर शिडीकडे पाहिलं आणि माझं हसू आपोआप बंद झालं. गुडघे दुखत नव्हते आणि लाकूडही ओलं नव्हतं. ती बातमी ऐकल्यापासून बाबांनी दारं केली, खिडक्या केल्या, कपाटं केली, पण एकही जिना केला नव्हता. आणि मी मूर्ख, चारचौघांत त्यांच्या आळशीपणाची थट्टा करत आले होते.

"त्यांना दोनदा पत्र लिहिलं आणि फाडलं," ते म्हणाले. "आता घर विकलं की नवा मालक काय करेल कोणास ठाऊक. मला ती पायरी एकदा मोजायची आहे. माझ्याच पायरीवरून पडल्या का, एवढं विचारायचं आहे. असेल तर सांगून टाकायचं आणि दुरुस्त करून द्यायची. दोष लपवून घर विकलं जाऊ नये."

त्यांनी खिशातून एक लाकडी पट्टी काढून टेबलावर ठेवली. वीतभर लांब, धरून धरून गुळगुळीत झालेली. त्या जिन्याच्या एका पायरीची बरोबर उंची. त्रेचाळीस वर्षं हत्यारांच्या पेटीत तळाशी होती म्हणे.

"सरळ जाऊन विचारलं तर?"

"मी फोन केला होता," आत्या म्हणाली. "खरेदीदारांशिवाय कोणाला आत घेत नाहीत. म्हणून आपण खरेदीदार."

"मी खोटं बोलणार नाही," बाबा म्हणाले.

"तुला बोलायला सांगितलंय कोणी? मी विधवा आहे, खरं आहे. तू माझा धाकटा भाऊ, खरं आहे. ही ड्रायव्हर आहे, तेही खरं. घर घ्यायची इच्छा आहे असं मी सांगेन. इच्छा तर आहेच! ऐपत विचारली तर बघू."

बाबांनी पट्टी उचलून खिशात ठेवली. मला आतून असा काही चेव आला होता की दहा मिनिटांत मी गणवेश चढवून, टोपी घालून, गाडीच्या काचांवर फडकं मारत होते.

आत्याने वाटेत घरी थांबून वेष बदलला. कोणा गिऱ्हाइकाने शिवायला टाकून कधीच न नेलेला गर्द निळा कोट, गळ्यात खोट्या मोत्यांच्या तीन माळा, हातात चष्मा नुसताच धरलेला. मागच्या सीटवर ती अशी बसली की मी खरोखर उतरून दार उघडायला धावले.

फाटक उघडलं तेव्हा आमच्यापैकी कोणी श्वासही घेत नव्हतं. एकोणचाळीस वर्षं मी त्या भिंतीला वळसा घालून जात होते, आणि आता माझी गाडी आत शिरत होती! दोन्ही बाजूंना उंचच उंच झाडं, चाकांखाली बारीक खडी करकरतेय, मग एक वळण, आणि वळण संपतं तिथे तलाव. तलावाच्या मागे घर. पिवळट दगडाचं, लांबच लांब, खिडक्या मोजता मोजता माझं स्टिअरिंग फुलांच्या वाफ्याकडे वळलं.

"समोर बघ," आत्या ओठ न हलवता म्हणाली. "श्रीमंतांचे ड्रायव्हर आ वासत नाहीत."

दारात दोन माणसं होती. एक विक्रीचा एजंट, तिशीचा, आखूड कोट आणि एवढा घट्ट टाय की बोलताना गळ्याची शीर दिसायची. दुसरी साठीची बारीक चणीची बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ती बाईसाहेबांची देखभाल करायची, तीस वर्षं याच घरात होती, असं टायवाल्याने सांगितलं, आणि "किल्ल्या यांच्याकडे असतात" असं म्हणून तिची ओळख संपवली. किल्लीवाल्या बाईंनी आमच्या पायांकडे पाहिलं. आत्याचे बूट, माझे बूट, मग बाबांचे. बाबांच्या बुटांच्या शिवणीत लाकडाचा भुसा होता. त्यांचं लक्ष वळवायला मी टाचेने खडी उडवली, काही उपयोग झाला नाही.

"ड्रायव्हर बाहेर थांबतील ना?" टायवाला म्हणाला.

"माझ्या भावाला आधार लागतो, ती आत येईल," आत्याने फर्मावलं. बाबांना मुळीच आधार लागत नव्हता. पण दार ओलांडताना त्यांनी माझा हात धरला. पुढच्या दाराने ते या घरात पहिल्यांदाच शिरत होते.

पुढचा अर्धा तास मी माझं वय, माझा पगार आणि आम्ही का आलोय हे सगळं विसरले, हे कबूल करते. केवढ्या त्या खोल्या! एकीत भिंतभर पुस्तकं आणि ती काढायला चाकांचं स्टूल. एकीत नुसता पियानो आणि काही नाही. स्वयंपाकघरात तांब्याची पातेली उतरत्या क्रमाने टांगलेली, सगळ्यात लहान अंड्याएवढं. काचेच्या रोपघरात लिंबाचं झाड, त्याला खरी लिंबं! मी मनातल्या मनात खोल्या वाटूनही टाकल्या. तलावाकडची आत्याला, तिला उजेड लागतो. पागेत सहा गाड्या सहज बसतात, मग मी कशाला दुसऱ्याच्या कंपनीत नोकरी करू? मनाचेच मांडे खायचे तर साजूक तुपाची धार कशाला आखडायची!

अडचण एवढीच होती की आम्हाला खरेदीदारासारखं वागता येत नव्हतं. टायवाला छताकडे बोट दाखवायचा, आणि आत्या तोवर पडद्याची दुमड उलटून बघत असायची. "अस्तर नंतर लावलंय," ती म्हणाली, "आणि उलट्या बाजूने." तो खिडकीतून दिसणाऱ्या राईचं वर्णन करत होता, तर बाबा खिडकीची झडप वरखाली करत होते. पागेत मी जुन्या घोडागाडीच्या आसाखाली वाकून वंगण तपासलं. पैसेवाले लोक लांबून बघतात आणि कामाची माणसं हात लावून बघतात, एवढं साधं आम्हाला कसं सुचलं नाही? टायवाल्याला त्यातलं काही कळत नव्हतं. किल्लीवाल्या बाई मात्र मागून येत होत्या, आणि दर खोलीत एक पाऊल जवळ येत होत्या.

मग आम्ही जिन्यापाशी आलो.

दिवाणखान्यात शिरताना पुन्हा धरलेला माझा हात बाबांनी सोडला. जिना दिवाणखान्याच्या मधून सरळ वर जायचा आणि उंच खिडकीपाशी डावीकडे वळायचा. ऊन खिडकीतून थेट पायऱ्यांवर पडलं होतं. मला जिन्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तो बघून अंगावर काटा आला. आणि हे माझ्या बाबांनी केलंय! मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, टोपी भिरकावावीशी वाटत होती. बाबांनी कठड्याखाली, जिथे कोणाचा हात जात नाही तिथे, तळवा टेकवला आणि हळूहळू वर सरकवत नेला.

"अस्सल अक्रोडाचं लाकूड," टायवाला म्हणाला.

"सागवान," बाबा पुटपुटले. "पॉलिश अक्रोडी."

आत्या जोरात खोकली.

"आणि कारागिरी बघा, मॅडम. एकवीस पायऱ्या, एकीसारखी एक. केसाचाही फरक नाही. आज असं काम मिळणार नाही. तशी एका ठिकाणी जरा कुरबुर आहे असं बाईसाहेबांचे पुतणे म्हणत होते. पण पुढच्या आठवड्यात सुतार येऊन ते सपाट करून जाईल, तुम्हाला बघावंही लागणार नाही."

"कुठे?" बाबांनी विचारलं.

"अं?"

"कुरबुर कुठे आहे?"

"ते काही महत्त्वाचं नाही, सर..."

"चौदावी," बाबा म्हणाले. आवाज एवढा स्वच्छ होता की वर खिडकीपर्यंत गेला. "एकीसारखी एक नाही. चौदावी पायरी दोन सूत कमी आहे."

झालं. आत्याने डोळे मिटले. मी टोपी काढली, कारण आता ड्रायव्हर असायचं कारण उरलं नव्हतं.

बाबा पायऱ्या चढत होते. न मोजता चढले आणि बरोबर तेराव्या पायरीवर गुडघे टेकले. खिशातून पट्टी काढून चौदाव्या पायरीला उभी लावली. पट्टीचं टोक पायरीच्या वर डोकावलं. पाव इंच. खालून मला ते दिसणं शक्य नव्हतं, पण बाबांची पाठ दिसत होती, आणि पाठीवरून सगळं कळलं.

"कोण आहात तुम्ही लोक?" टायवाला म्हणाला. त्याने फोन काढला होता.

"थांबा," किल्लीवाल्या बाई म्हणाल्या. त्या जिन्याच्या तळाशी येऊन उभ्या राहिल्या. "तुम्हाला हे कसं माहीत?"

"मीच केली," बाबा वळले नाहीत. "मी तेव्हा मिस्त्रींच्या हाताखाली होतो. माझी चूक आहे. घर घ्यायला आलो नाही आम्ही, एवढे पैसे नाहीत आमच्याकडे. मला एकच सांगा. बाईसाहेब पडल्या त्या याच पायरीवरून ना?"

मला वाटलं, नाही म्हणा. खोटं बोला, पण नाही म्हणा. इतक्या मोठ्या घरात आणखी जिने असतील, तळघराचे, बागेतले, त्यातला कुठलाही सांगा.

"हो," त्या म्हणाल्या. "याच पायरीवरून."

बाबांनी पट्टी खाली ठेवली. मी धावले, दोन दोन पायऱ्या चढून त्यांच्याजवळ गेले आणि तिथे पोचल्यावर काय करायचं ते मला कळेना. मी नुसती त्यांच्या खांद्याला धरून बसले. एवढा राग आला होता, त्या घराचा, त्या बाईंचा, सकाळी सातला वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्या आत्याचा. पंधरा वर्षं हे माणूस शंकेवर जगत होतं, तेच बरं होतं.

"पण केव्हा पडल्या ते नाही विचारलंत," किल्लीवाल्या बाई वर येत म्हणाल्या. आमच्यापाशी येऊन त्या बाराव्या पायरीवर बसल्या, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन. "जिना झाल्यापासून अठ्ठावीस वर्षं बाई दिवसातून दहादा चढल्या आणि उतरल्या. कठड्याला हात नाही लावला कधी. अंधारात, हातात ट्रे घेऊन, फुलदाण्या घेऊन. त्यांच्या पायाला ही पायरी पाठ होती. मग या पुतण्यांना शहाणपण सुचलं. काकूंचं वय झालं, कुठे अडखळल्या तर? बाई गावाला गेल्या होत्या, तेवढ्यात सुतार बोलावला आणि वर पातळ फळी ठोकून पायरी सरळ केली. बाई परत आल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरताना..."

त्यांनी तळहाताने पायरीवर हलकेच थापटलं.

"पाय नेहमीच्या सवयीने खाली गेला आणि पायरी आधीच आली."

मला ते समजायला एक क्षण लागला. बाबांना लागला नाही. त्यांनी चौदाव्या पायरीवर बोटं फिरवली, कडेपाशी थांबवली. तिथे खिळ्यांची चार बुजवलेली भोकं होती.

"काढली ती फळी," बाबा म्हणाले.

"दवाखान्यातून पहिला निरोप तोच आला. माझ्या पायरीवरचं ते झाकण आधी काढा, मग मला घरी आणा. पुन्हा चढायला मिळालं नाही त्यांना, पण खुर्चीतून पाहायच्या. पाहुणे आले की खालून ओरडायच्या, 'चौदावीवर जपून!' कोणी विचारलं की सांगायच्या, चूक माझी आहे. एक पोरगा तिथे काम करत होता, मी त्याला बोलण्यात गुंतवलं, तेव्हापासून ती पायरी जरा रुसलीय."

"त्यांनी पाहिलं होतं?" बाबांनी विचारलं. "रेघ गेली ते?"

"तुमचा चेहरा पाहिला होता, म्हणायच्या. तुम्हाला शोधायलाही सांगितलं होतं, पण नाव कोणाला माहीत नव्हतं. मिस्त्री गेलेले."

बाबा हसायला लागले. रडतायत असं वाटलं म्हणून मी वाकून पाहिलं, तर दोन्ही चाललं होतं. "मी म्हणतोय माझी, त्या म्हणत होत्या त्यांची," ते म्हणाले आणि पुन्हा हसले. खाली आत्या खोटे मोती मुठीत धरून उघड उघड रडत होती.

टायवाल्याने फोन खिशात ठेवला. माणूस अगदीच वाईट नव्हता. त्याने विचारलेला प्रश्नही रास्त होता. "पण नव्या मालकांचे पाय नवीन असणार. त्यांना ही पायरी पाठ नाही. ते पडले तर?"

बाबा उठले, गुडघे झटकले. किती वर्षांनी मी त्यांना असं ताठ उभं पाहिलं. "तर सांगायचं," ते म्हणाले. "बाईसाहेब सांगायच्या तसं. तुम्ही घराचे दोष लिहून देता ना?"

"देतो. यादी आहे." त्याने फाईल उघडली. तलावाचा बांध पाझरतो. तिसरं धुराडं बंद आहे. रोपघराच्या सात काचा तडकलेल्या. "यात लिहायचं म्हणता?"

"आणा इकडे."

बाबांनी कानामागे हात नेला. पेन्सिल तिथे नव्हती, इस्त्रीच्या शर्टाबरोबर ती घरी राहिली होती. मी माझं पेन दिलं. कठड्यावर कागद ठेवून त्यांनी लिहिलं, 'चौदावी पायरी दोन सूत कमी आहे. चूक' आणि तिथे थांबले, कारण किल्लीवाल्या बाईंनी कागदावर बोट ठेवलं होतं.

"तुमची लिहायची नाही. बाईंना चाललं नसतं."

"मग त्यांची लिहू? मेलेल्या माणसावर?"

दोघं पाच मिनिटं वाद घालत होते, चूक नेमकी कोणाची. आयुष्यात मी लोकांना चूक ढकलताना पाहिलंय, अशी ओढून घेताना कोणाला पाहिलं नव्हतं. शेवटी आत्या खालून ओरडली, "चूक खोडा आणि 'जपून' लिहा!" तेव्हा ते मिटलं. बाबांनी 'चूक' खोडलं आणि पुढे लिहिलं, 'जपून उतरावे. हात लावू नये.' खाली सही केली. कुठल्याही कामावर त्यांनी केलेली ती पहिली सही.

निघताना टायवाला आत्याला म्हणाला, "मॅडम, हे मी जाहिरातीत घातलं तर? लोकांना असल्या गोष्टी आवडतात."

"घाल," आत्या म्हणाली. "आणि पडद्याचं अस्तर बदल. पाहिजे तर मी करून देते, कार्ड देऊ का?"

खडीवरून परत जाताना मी आरशात पाहिलं. किल्लीवाल्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांचा हात वर होता.

"पट्टी?" मला एकदम आठवलं. "बाबा, तुमची पट्टी वर राहिली! थांबवू का?"

"राहू दे तिथेच."

आत्या मागे कुरकुरत होती. सोळा खोल्यांपैकी नऊच पाहून झाल्या, वरचं न्हाणीघर तर राहूनच गेलं, संगमरवरी टब आहे म्हणे. मी तिला सांगितलं की पुढच्या रविवारी दुसरं घर बघू, तू फक्त वर्तमानपत्र आणत जा. बाबा काही ऐकत नव्हते. ते उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी ताणून गाडीच्या पुढच्या फळीवर वितीने काहीतरी मोजत होते, मग पुन्हा पहिल्यापासून.

फाटकातून बाहेर पडल्यावर ते म्हणाले, "माळ्याची उंची किती असेल गं तुझ्या? नऊ फूट?"

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागून आत्या आणि मोत्यांच्या तिन्ही माळा पुढच्या सीटवर आदळल्या.

"साडेनऊ," मी म्हटलं.

"मग उद्या येतो सकाळी," बाबा म्हणाले. "शिडी काढून ठेव."